आमचा चाळीस दिवसांचा ऑगस्ट

२०२४ साली आमच्या घरी ऑगस्ट महिना ४० दिवसांचा झाला. उरलेल्या महाराष्ट्रात तो रीतीप्रमाणे ३१ तारखेला संपला असावा. ७ सप्टेंबरला सगळीकडे गणपती बसले, आमच्याकडेही बसले. पण स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेल्या आमच्या कालनिर्णयाच्या हिशेबाने त्या दिवशी ३८ ऑगस्ट होता. दुधाच्या नोंदी अजून तशाच आहेत. पानाच्या मोकळ्या कडेला, आईच्या थरथरत्या अक्षरात: '३३ – एक लिटर. ३४ – खाडा. ३५ – दीड.' दूधवाल्याने हिशेबाच्या वेळी हे वाचलं आणि बराच वेळ तो आईकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला.

या सगळ्याला कारण कढीपत्ता.

आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात बायकोने चार वर्षांपूर्वी कढीपत्ता लावला. कोथिंबिरीच्या जुडीवर भाजीवाले दोन काड्या फुकट टाकायचे तो काळ गेल्यापासून त्या झाडाला घरात फार मान आहे. कुणाच्या आमटीत किती पानं पडायची हे नात्यावर ठरतं. सासरची माणसं आली तर तीन पानं, माहेरची आली तर अख्खी काडी. मला स्वतःला किती, हे मी कधी मोजलं नाही. काही गोष्टी न मोजलेल्या बऱ्या.

११ ऑगस्टला, रविवारी सकाळी, कामाच्या मावशी त्या झाडावर ओलं फडकं घेऊन धावल्या. पानांवर कुठल्याशा पक्ष्याने घाण केली होती: तपकिरी, ओलसर, मधे पांढरा पट्टा, अगदी ताजी. मावशींनी फडकं टेकवलं आणि ती घाण दोन पावलं पुढे सरकली. मावशींची किंकाळी तळमजल्यावर ऐकू गेली म्हणतात. शेजारचा चौथीतला मुलगा पायात एकच चप्पल घालून धावत आला, पानाला नाक लावून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "काका, कॉमन मॉरमॉनची अळी आहे. मारू नका. अजून दोन आहेत बघा." घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत तो फुलपाखरं बघून आला होता, तेव्हापासून त्याला या विषयात कुणी हटकत नाही.

तो सांगत होता ते खरं होतं. या जातीची अळी जन्मल्यापासून चार वेळा कात टाकते आणि चौथ्या कातेपर्यंत पक्ष्याची विष्ठा होऊन बसते. ससा पळतो, कासव मान आत घेतं, साप फणा काढतो. हिने मात्र फार विचार केलेला दिसतो. पक्षी सगळं खाईल, पण स्वतःची घाण खाणार नाही. तेव्हा आपण तीच व्हायचं आणि पानावर मधोमध, भर उजेडात, निवांत बसायचं. मला ऑफिसातले दोन सहकारी आठवले. ३५ वर्षांत त्यांच्याकडे कुणी एक फाइल सरकवली नाही.

"माझ्या झाडावर एकही नको," बायको म्हणाली.

"श्रावण आहे," आई आतून म्हणाली. "जीव घ्यायचा नाही."

सासू-सुनेचं भांडण सोडवताना मधला माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे दोघींनाही न पटणारं काहीतरी. एक अळी झाडावरच राहील, दोन घरात येतील. पाडव्याचा श्रीखंडाचा डबा होताच. मराठी घरात श्रीखंड संपतं, डबा संपत नाही. तळाला कागद घातला, तोंडाला जुन्या मलमलीच्या पंचाचा तुकडा रबराने बांधला आणि डबा फ्रिजवर ठेवला. आईने आत पाण्याची वाटी ठेवायला सांगितली. पाणी तिला पानातूनच मिळतं हे पटवायला अर्धा तास गेला. "आपण काय भाजी खाल्ली म्हणून पाणी पीत नाही?" यावर शेजारच्या मुलाकडेही उत्तर नव्हतं.

लोक तिला सुरवंट म्हणत होते, ते चूक. सुरवंट केसाळ असतो, अंगाला लागला की खाज सुटते. ही गुळगुळीत. हिच्यामुळे खाज सुटली ती फक्त सोसायटीतल्या लोकांना, आणि तीसुद्धा आमच्या घरात डोकावायची.

पहिला घोळ भाषेचा झाला. आईने विचारलं, "मुलगा की मुलगी?" मुलगा म्हणाला, "आजी, आत्ता ती अळी आहे." मग माझ्या लक्षात आलं की मराठीने या जिवाची काय गत केली आहे. ते अंडं. त्यातून निघते ती अळी. तिचा होतो तो कोष. आणि त्यातून बाहेर येतं ते फुलपाखरू. महिनाभरात तिन्ही लिंगं फिरून पुन्हा नपुंसकलिंगात परत. आत खरोखर नर आहे की मादी, याच्याशी व्याकरणाचा काही संबंध नाही. मी घरात अळीबद्दल बोलताना दिवसागणिक क्रियापदं बदलत गेलो, ती याच कारणाने. बायको म्हणते तसं वयामुळे नव्हे.

अळी म्हणजे तोंड आणि पोट, मधे सोळा पाय. त्यातले पुढचे सहा खरे. मागचे दहा नुसते मांसाचे गोळे, पकडीपुरते. दिवसभर ती पानाच्या कडेला लागून मान वर-खाली करत खात असते. आपण कणीस कुरतडतो तशी. श्रावणात शिवलीलामृत वाचायला आईने मोठं भिंग आणलं होतं. अध्याय आटोपला की ते भिंग श्रीखंडाच्या डब्यावर यायचं आणि कागदावरच्या लेंड्यांची पाहणी व्हायची. पहिल्या आठवड्यात मोहरीएवढ्या, पुढे मिऱ्याएवढ्या. "आज पोट छान साफ झालंय," असं आई जेवणाच्या वेळी जाहीर करायची. मी लहान असताना माझ्याबद्दल ती हे शेजारणींना सांगत असे. ती जागा इतक्या वर्षांनी भरली गेली.

मग पुरवठा कमी पडायला लागला. बायको झाडावरून रोज मोजकी पानं द्यायची. द्यायची म्हणजे भाकरी वाढावी तशी, वर बघत. शेवटी मी बाजारात गेलो.

"कढीपत्ता द्या. पण औषध मारलेला नको."

भाजीवाला दुखावला. "काका, एकदम कवळा माल. एक किडा दिसणार नाही. किडा निघाला तर पैसे परत."

"मला किडा लागलेलाच हवा आहे."

"तो कशाला?"

"किडा माझ्याकडे घरी आहे," मी म्हणालो. "त्याला जेवायला हवं."

त्याने एक जुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. आजारी माणसाकडून घेत नाहीत तसे. मी पानं तीन पाण्यांतून धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अळी डब्याच्या तळाशी आडवी पडली होती. अंग आखडलेलं, तोंडाशी हिरव्या पाण्याचा थेंब. दुसरी वाचली, कारण त्या दिवशी ती जेवलीच नव्हती. कात टाकायच्या आधी अळी दिवसभर तोंड बंद ठेवते. किडा नसलेली भाजी आपण हौसेने निवडून घेतो. तिच्यात किडा का नसतो, हे त्या थेंबाकडे बघताना कळलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे आमटीची फोडणी नुसत्या मोहरी-हिंगाची झाली आणि कुणी काही बोललं नाही.

यानंतर मी चोर झालो. सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे कढीपत्त्याचं एक झाड आहे. कुणी लावलं नाही, कुणी फवारत नाही. रात्री दीड वाजता डब्यातलं शेवटचं पान संपल्याचं दिसलं. मी टॉर्च घेऊन खाली गेलो आणि दोन काड्या तोडत असताना पाठीवर दुसरा टॉर्च पडला.

वॉचमन साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"साहेब, एवढ्या रात्री कसली फोडणी?"

मी खरं सांगितलं. आयुष्यात काही प्रसंगी खरं सांगण्याने परिस्थिती सुधारत नाही. त्यांनी रजिस्टर काढलं, वेळ लिहिली, 'कारण' या रकान्यापुढे थोडा विचार केला आणि लिहिलं: 'घरगुती.'

१९ तारखेला तिसरा श्रावणी सोमवार होता. आईने बेलाची पानं आणवली होती. या फुलपाखराचं सगळं गोत लिंबाच्या कुळातलं: लिंबू, कढीपत्ता आणि बेलही. हे मुलाने सांगितलं आणि चूक केली. आई अख्खी संध्याकाळ विचारात होती. मग तिने १०८ मोजून महादेवाला वाहिली, उरलेल्यांतलं एक पान डब्यात टाकलं आणि भिंग घेऊन बसली. अळीने आधी पान हुंगल्यासारखं केलं, मग कडेपासून सुरुवात केली. सकाळपर्यंत बेलाच्या तीन दलांपैकी एक गेलं होतं. "त्याचंच लेकरू," आई म्हणाली. पुढच्या सोमवारपर्यंत बेल आधी डब्यात आणि मग देवाला, असा क्रम लागला. त्यावर मी काही बोललो नाही. महादेवानेही नाही.

पाचव्या अवस्थेत अळीचा रंग बदलला. विष्ठेचं सोंग उतरवून ती एका रात्रीत हिरवीगार झाली, पाठीवर तिरका पट्टा आला आणि मानेच्या फुगीर भागावर दोन टपोरे डोळे उमटले. हे डोळे खोटे. खरे बारीक ठिपक्यांसारखे, खाली तोंडाजवळ, एका बाजूला सहा. त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं काही उमगत नाही. मी तिला कौतुकाने बोट लावलं. तिने मान मागे टाकली आणि डोक्यामागून लालभडक, ओलसर, दुबेळकं शिंग बाहेर काढलं. सोबत वास: कुजलेल्या मोसंबीत कुणीतरी व्हिनेगर ओतल्यासारखा. दोन सेकंदांत शिंग आत, आणि चेहरा पुन्हा साध्वीचा. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मला बोलायची वेळ येते तेव्हा मला अशा शिंगाची फार उणीव जाणवते.

तिची भूक आता भीतिदायक झाली होती. आयुष्यभराचं बहुतेक खाणं ती या चार-पाच दिवसांत उरकते. रात्री फ्रिजजवळ गेलं की कुरतडल्याचा आवाज यायचा, निदान मला तरी यायचा.

२६ तारखेला, गोकुळाष्टमीला, ती जेवली नाही. दुपारी डब्यातल्या कागदावर पाणी-पाणी झालं होतं. आईने भिंग लावलं आणि हाक मारली, "अरे, हिला हगवण लागली!" मग उपायांची चर्चा सुरू झाली. जायफळ उगाळून द्यायचं ठरत होतं. सहाणेवर पाणी पडलंसुद्धा होतं. तेवढ्यात शेजारचा मुलगा शाळेतून आला आणि जायफळ टळलं. कोषात जायच्या आधी अळी पोट पूर्ण रिकामं करते आणि मग जागा शोधत भटकते, असं त्याने सांगितलं. "म्हणजे प्रवासाला निघायच्या आधी," आई म्हणाली. तिला हे लगेच पटलं. आमच्याकडे गावाला निघताना सगळेच तसं करतात.

त्या गडबडीत पंचाचं रबर नीट बसलं नसावं. रात्री बारा वाजता कृष्णजन्म झाला, सुंठवडा वाटला आणि डबा पाहिला तर रिकामा.

त्या रात्री आमच्या घराची जी झडती झाली तशी आयकर खात्यानेही घेतली नसती. सोफा सरकवला, गाद्या झटकल्या. फ्रिजखालून तीन बॉलपेन, एक पाच रुपयांचं नाणं आणि २०१९ सालची एक पत्रिका निघाली. ते लग्न आम्ही चुकवलं होतं असं तेव्हा कळलं. अळी नाही. दोन वाजता बायको चप्पल उलटी करून तळवा बघायला लागली, तेव्हा सगळे गप्प झाले.

सकाळी आई दुधाची नोंद करायला गेली. पेन वर उचललं आणि तसंच धरून उभी राहिली. २१ तारखेच्या चौकटीशेजारी, पानाच्या उभ्या रेघेला धरून, अळी बसली होती. तिने शेपटीशी रेशमाची गादी विणून तिच्यात पाय रोवले होते, आणि पाठीमागून एक धागा घेऊन दोन्ही टोकं कागदाला चिकटवली होती. त्या धाग्यावर ती मागे रेलली होती. विजेच्या खांबावर वायरमन कमरेचा पट्टा बांधून रेलतो, हुबेहूब तशी.

२८ तारखेला सकाळी आम्ही तिघं आणि शेजारचा मुलगा, असे चौघंही हजर होतो. मानेमागे कातडीला चीर पडली आणि अंगाला झटके देत देत ती कातडी पायजमा उतरावा तशी खाली सरकत गेली. पाय गेले, तोंड गेलं. चेहराच उतरवून ठेवला म्हणा ना. आत होता एक ओला, हिरवट, बिनपायांचा, बिनतोंडाचा गोळा. शेवटी तो एक कसरत करतो, ती पाहून मी श्वास रोखला. जुनी कातडी फेकून द्यायला तो शेपटी क्षणभर मोकळी करतो आणि कातडीखालून काढून पुन्हा गादीत रुतवतो. तेवढा क्षण सगळा भार त्या एका धाग्यावर. दुपारपर्यंत गोळा वाळून सुक्या पानासारखा तपकिरी झाला. झाडावर राहिलेल्या अळीनेही त्याच सुमारास कोष केला होता, तो मात्र हिरवागार. एकाच आईची दोन, पण जिथे बसायचं तिथला रंग घ्यायचा.

आता अडचण पुढे होती. ३१ तारखेला पान उलटलं असतं तर कालनिर्णयावरचा कोष भिंत आणि कागद यांच्यात चिरडला असता.

पंचांगाविना मराठी घर नऊ दिवस कसं चालतं, हे मी पाहिलं आहे. फार वाईट चालतं. पिठोरी अमावास्या कधी, हरतालिका कधी, गौरी किती वाजता आणायच्या, हे सगळं त्या पानामागे. बायको पानाचं खालचं टोक चार बोटं वर उचलून, जमिनीवर बसून, मान तिरकी करून सप्टेंबर बघायची. तसा महिन्याचा खालचा भाग दिसायचा, वरचा नाही. दुसरं कालनिर्णय आणायला मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आता पुढच्या वर्षीचंच येईल. तोपर्यंत थांबा." मोबाइलवर तिथी दिसते असं मी आईला दाखवलं. तिने ती मान्य केली नाही. जी तिथी चार्जिंग संपल्यावर जाते ती कसली तिथी? आणि दुधाची नोंद तिने ३२, ३३ अशी पुढे चालू ठेवली. "महिना उलटला नाही तर तारीख तरी पुढे गेली पाहिजे," या तिच्या म्हणण्यात मला आजही चूक काढता आलेली नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दर्शनाला आलेला प्रत्येक जण मोदक खाऊन कालनिर्णयासमोर रांगेत उभा राहिला. तिथे कळलं की कोषाबद्दल प्रत्येकाला मत असतं.

"तारीख काय दिलीय?" पुण्याच्या मावशींनी विचारलं.

"दहा-बारा दिवस म्हणतात."

"नॉर्मल होईल ना?"

एका मेहुण्यांनी टाचणीने थोडी वाट करून द्यायचा सल्ला दिला. तो मी हात जोडून नाकारला. तशी मदत केली तर पंख जन्मभर चुरगळलेले राहतात. दुसरे एक काका म्हणाले, आत सगळा रस्सा होतो. हे बरेच लोक सांगतात आणि ते निम्मंच खरं आहे. अळीचे स्नायू वगैरे बरंच काही विरघळतं, पण मज्जासंस्था, श्वासनलिका अशा गोष्टी मोडतोड होऊनही चालू राहतात. आणि पंख, पाय, मिशा यांच्या बारीक कळ्या अळीच्या अंगात आधीपासून तयार असतात. मी हे समजावत होतो. ऐकून घेऊन काका म्हणाले, "म्हणजे रस्साच. फक्त फोडी घातलेला." मी प्रसाद दिला.

८ तारखेला संध्याकाळी विसर्जन करून आलो तर कोष काळा पडला होता. आईने पाहिलं, दिवा लावला, हात जोडले. "गेलं वाटतं." मुलाला बोलावणं गेलं. त्याने भिंगातून पाहिलं आणि कुजबुजला, "आजी, काळे पंख दिसतायत. लाल ठिपकेपण. कवच पारदर्शक झालंय. उद्या सकाळी."

मी पाच वाजता उठलो. कालनिर्णयासमोर खुर्ची टाकली, मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवला, चहा केला नाही. सहा झाले. साडेसहा झाले. सात वाजायला पाच मिनिटं असताना दाराची घंटी वाजली. दूधवाला. तो सुट्टे नाहीत म्हणाला, मी पाकीट आणायला गेलो, पाकिटात ५०० ची नोट निघाली, त्यावर आमचं थोडं बोलणं झालं. परत आलो तेव्हा कवच रिकामं होतं.

मोबाइलची मेमरी भरलेली होती. गणपतीच्या आरतीचे बारा व्हिडिओ.

पण पुढचं सगळं पाहिलं. रिकाम्या कवचाला धरून एक जाडजूड, ओलं, केविलवाणं काहीतरी लोंबकळत होतं. अंगाला चुरगळलेले रुमाल चिकटवल्यासारखे पंख. मग ते रुमाल भरायला लागले. ती पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलत होती. डोळ्यांदेखत घड्या उलगडत होत्या; वीस-एक मिनिटांत तळहाताएवढा पसारा झाला. मधे तिने तोंडाची सोंड गुंडाळायची-उलगडायची चालवली होती. ती सोंड दोन अर्धकांची येते. चेन लावावी तशी ती जुळवून नळी करायची असते. शेवटी तिने तांबूस पाण्याचा एक मोठा थेंब टाकला. तो ओघळत २३ ऑगस्टच्या चौकटीत जाऊन वाळला. कोषात असताना साचलेला मळ तो. आईने ताबडतोब सांगितलं की निघायच्या आधी पोट साफ करण्याची सवय हिने ठेवली आहे.

आणि ती होतीच 'ती'. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या साध्या काळ्या, नरासारख्या दिसतात. काही कॉमन रोझ या फुलपाखराचा वेष घेतात, काही क्रिमसन रोझचा. ती दोन्ही खरोखर विषारी असतात, ईश्वरीच्या वेलीवर वाढलेली, पक्ष्यांनी नाकारलेली. हिच्यात विष काही नाही, नुसतं लुगडं तसलं. एका नराच्या तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून इंग्रजांनी अमेरिकेतल्या, एकेकाळी बहुपत्नीक असलेल्या मॉरमॉन पंथाचं नाव या जातीला देऊन टाकलं. १७५८ साली लिनियसने दिलेलं शास्त्रीय नाव, पॅपिलियो पॉलिटेस, ट्रॉयच्या राजपुत्राचं. ते घरंदाज आहे, पण कुणी वापरत नाही. बायकोने भिंग घेतलं, नीट पाहिलं. "अंग मात्र काळंच ठेवलंय," ती म्हणाली. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. कॉमन रोझचं अंग लाल असतं आणि हिचं काळं, खरं-खोटं ओळखायची तीच खूण आहे. उसनी पैठणी लग्नाच्या मांडवात ओळखणाऱ्या बाईला पुस्तक लागत नाही.

साडेदहाला तिने बाल्कनीच्या कठड्यावरून उडी घेतली, समोरच्या इमारतीच्या पत्र्यावरून वर गेली आणि दिसेनाशी झाली. गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. "माहेरवाशीण आदल्या दिवशीच निघाली," आई म्हणाली. दुपारी तिने स्वतःच्या हाताने ऑगस्ट उलटला.

झाडावरच्या कोषाचं सांगायचं राहिलं. तो शहाणा, हिरवा, जागेवर राहिलेला. तो व्हायच्या आधी, अळी जागेवर बसली होती तेव्हा तिच्या शेजारी एक अगदी बारीक गांधीलमाशी बसलेली मी पाहिली होती. मला वाटलं पंख फुटलेली मुंगी. ती अळीची कात निघायची वाटच बघत होती. ओल्या कातडीत नांगी सहज शिरते, आणि अंडी आत जातात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या कोषाला टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं आणि त्यातून हिरवट चकाकीच्या चिमुकल्या माश्या एकामागून एक बाहेर आल्या. ४० मोजल्यावर मी सोडून दिलं. आई शांतपणे म्हणाली, "भृंगी झाली." संतांनी सांगितलेला तो दृष्टांत: भृंगीच्या ध्यासाने कीटक भृंगीच होतो. इतकी वर्षं मला तो कविकल्पना वाटायचा. कुणीतरी कोष फोडून माशी बाहेर येताना नीट पाहिली असावी, असं आता वाटतं. ध्यास कुणाला कुणाचा लागला होता, तेवढंच उलटं झालं.

२००८ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. अळीला एका वासाची धास्ती शिकवली, तर कोषातून पतंग होऊन बाहेर आल्यावरही तो त्या वासापासून लांब जात होता. म्हणजे एवढ्या मोडतोडीतून आठवण शिल्लक राहू शकते. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती पोळी लाटत होती.

"म्हणजे माझ्या कढीपत्त्याचा पत्ता घेऊन गेली," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी झाडाच्या नव्या पालवीवर पिवळसर, मोहरीहून लहान अंडी दिसली. मी नऊ मोजली. कुणाची ते सांगता येत नाही. आई म्हणते, विचारायचं कशाला. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं.

तेव्हा ठाणे, कळवा, मुलुंड या भागात कुणाकडे कढीपत्ता असेल, आणि त्यावर कधीही काहीही फवारलेलं नसेल, तर कृपा करून दोन-चार काड्या काढून ठेवा. मी येऊन घेऊन जाईन. शक्यतो दिवसा.